तो मिग उडवत नव्हता

माझा भाऊ गेला ही बातमी बाबांनी आम्हाला सांगितली, तिच्या पहिल्याच वाक्यात खोटं होतं. आमच्याकडे फोन नाही. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत आमच्या मजल्यावर फोन आहे तो परबकाकांकडे, आमच्या भिंतीला भिंत लागून. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मी मुलुंडहून आईकडे आले होते. आई तांदूळ निवडत होती. परबकाकांनी बाबांना फोनवर बोलावलं, बाबा चपला न घालताच गेले, आणि परत आले ते दाराच्या चौकटीला धरून. मागे परबकाका, डोळे पुसत. बाबा म्हणाले, ‘‘अवीचं विमान पडलं.’’ आई तिथेच सूप हातात घेऊन थिजली. आणि मी... माझ्या पायाखालची जमीन सरकली, हे तर खरंच, पण तेवढ्यातही माझ्या कानाला तो शब्द खटकला. विमान. अवी विमान उडवत नव्हता. अवी हेलिकॉप्टर उडवायचा. हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आईला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मागे उभ्या असलेल्या परबकाकांना. पोटचा पोर गेल्याचं सांगतानासुद्धा बाबांनी शेजाऱ्यांचा विचार आधी केला, आणि त्या दिवसापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे ती अजून उतरलेली नाही.

फ्लाइट लेफ्टनंट अविनाश माझा धाकटा भाऊ. मी त्याची ताई, मुलुंडच्या एका शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, ‘घाटकोपरचा लढाऊ वैमानिक’ म्हणून. ते बातमीदाराला बाबांनीच सांगितलं होतं. त्या चार ओळी वाचून या पुरवणीच्या संपादकांनी मला आठवणी लिहायला सांगितलं. भावाबद्दल चांगलंच लिहायचं असतं अशा वेळी, आणि मी चांगलंच लिहिणार आहे. पण आधी हे सरळ सांगते. माझा भाऊ लढाऊ वैमानिक नव्हता. मिगमध्ये तो कधी बसला असलाच तर फोटोपुरता. तो चेतक उडवायचा, डोक्यावर पंखा असलेलं छोटं हेलिकॉप्टर, आणि त्यात त्याला काडीची लाज नव्हती. लाज दुसऱ्यांना होती.

आमच्या घरावरून दिवसभर विमानं खाली उतरतात. सांताक्रूझला उतरणारं विमान आमच्याकडे इतकं खाली असतं की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. पाहुणे कानावर हात ठेवतात, आम्ही नुसते थांबतो आणि विमान गेलं की वाक्य पुरं करतो. तेव्हा अवीला विमानांचं वेड लागलं यात नवल काही नाही. आमचा मामा बोटीवर होता. तो कुठल्या कुठल्या बंदरांतून प्लॅस्टिकच्या विमानांचे खोके आणायचा, तुकडे जोडून विमान करायचे ते. असे खोके तेव्हा इथे मिळत नव्हते, मिळाले तरी आमच्या आवाक्यातले नव्हते. अवी एकेक तुकडा ब्लेडने कापायचा, कडा घासायचा, डिंक लावून दोन बोटांत धरून बसायचा. शिल्लक राहिलेली प्लॅस्टिकची काडी तो मेणबत्तीवर गरम करून ओढायचा, की तिचा केसाएवढा धागा निघायचा. ती झाली विमानाची एरियल. मला म्हणायचा, ‘‘ताई, शिंकू नकोस हं.’’ मामा दर वेळी लढाऊ विमानं आणायचा, कारण मुलांना तीच आवडतात असं त्याच्या डोक्यात. अवी ती झकास करायचा, नावानिशी, खुणांनिशी, आणि सोबतच्या माहितीच्या कागदावरचं सगळं पाठ करायचा. वेग किती, उंची किती, तोफा कुठे. पण मामाला प्रत्येक वेळी विचारायचा, हेलिकॉप्टर नाही मिळालं का रे? मामा हसायचा. पुढच्या खेपेला पुन्हा लढाऊ विमान.

कॉलेजात असताना तो मला जुहूला घेऊन जायचा. चौपाटीवर नाही, विमानतळाच्या भिंतीपाशी. समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं तिथून उडायची. घाटकोपरहून अंधेरी बसने, तिथून दुसरी बस, आणि मग उन्हात भिंतीला चिकटून उभं राहायचं. मी वैतागायचे. एकदा एक हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर वर आलं आणि तिथेच थांबलं, पुढे नाही, मागे नाही. धुरळा आमच्या तोंडात. मी म्हटलं, बंद पडलं की काय? अवी माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी देवळात चप्पल घालून गेले. मग म्हणाला, विमानाला पुढे जावंच लागतं, थांबलं की संपलं. याला थांबता येतं. कुणाला खालून उचलायचं असलं तर थांबणाराच लागतो ना? तेवढ्यावर थांबला नाही. डाव्या हाताने काय, उजव्या हाताने काय, दोन्ही पायांनी काय करायचं ते सगळं तिथे रस्त्यावर करून दाखवलं. येणारे-जाणारे बघत होते. मला इतकी लाज वाटली होती आणि आज ते आठवलं की... असो.

त्याची हवाई दलात निवड झाली तेव्हा बाबांनी इमारतभर पेढे वाटले. बाबा गिरणीच्या ऑफिसात टाइमकीपर होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत आले, आणि आता त्यांचा मुलगा अधिकारी होणार. वाटले तर वाटले, कोण नको म्हणणार? पण पेढ्याबरोबर ते प्रत्येक दारात सांगत गेले, आमचा अवी मिग उडवणार. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीही नाही. कोण काय उडवणार हे प्रशिक्षणाच्या शेवटी ठरतं, हे अवीने त्यांना दोनदा समजावलं होतं. शेवटी ठरलं. अवी सुट्टीवर घरी आला, बॅग ठेवली आणि आनंदाने म्हणाला की मला हेलिकॉप्टर मिळालं, मी मागितलंच होतं. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. कुणी गेल्याची तार यावी तसा झाला. आमच्या भागात निवडणुकीला एक मंत्री मैदानात हेलिकॉप्टरने उतरले होते. गर्दीत त्यांच्या गळ्यातले हार काढून कुणाकडे तरी द्यायचे म्हणून ते पायलटच्या हातात दिले गेले, आणि सभा संपेपर्यंत तो बिचारा हार धरून उभा होता. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. बाबांच्या लेखी हेलिकॉप्टरचा पायलट म्हणजे तो. ‘‘म्हणजे मंत्र्यांचा ड्रायव्हर,’’ ते म्हणाले. आणि मग, ‘‘बाहेर कुणाला बोलू नकोस.’’

झालं. तिथून पुढे आमच्या घराला दोन तोंडं फुटली. आत चेतक, बाहेर मिग. अवी सुट्टीवर आला की परबकाका यायचे, मंडळाची पोरं यायची, आणि बाबा शेजारी बसून अवीकडे असे बघत राहायचे की त्याने तोंड उघडूच नये. एका गणपतीत तर कहरच केला. परबकाका आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी देखावा केला तो थर्मोकोलच्या मिगचा, शत्रूच्या ठाण्यावर झेपावणारा, खालून लाल बल्ब, आणि कॅसेटवर कुणाचा तरी भरदार आवाज, ‘आपल्या घाटकोपरचा वाघ’ वगैरे. अवी नेमका सुट्टीवर. त्याच्या हस्ते आरती. बाबांनी त्याची सगळी छोटी लढाऊ विमानं काचेच्या पेटीत मांडून मंडपात नेली. आरतीनंतर पोरांनी त्याला घेरलं. मिगचा वेग किती, किती उंच जातं, आतमध्ये काय काय असतं. अवीने धडाधड उत्तरं दिली. एकही चुकलं नाही. कुठून आली ती उत्तरं ठाऊक आहे? मामाच्या खोक्यांतल्या कागदांवरून. लहानपणी ज्या प्रेमाने पाठ केलं, तेच बाबांचं खोटं सांभाळायला वापरावं लागलं त्याला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मंडपातून घरी येताना जिन्यातच मी बाबांशी कचाकचा भांडले. मुलगा अधिकारी झाला तेवढं पुरत नाही का तुम्हाला, असं विचारलं. बाबा म्हणाले, तुला काय कळतं, या लोकांत मला राहायचंय.

आणि अवी! त्याच्यावर मी कमी रागावले आहे असं समजू नका. मी त्याला म्हटलं, तू का ऐकून घेतोस रे? वर्दी तुझी, काम तुझं, नाव त्यांचं. तो हसला. म्हणाला, ‘‘राहू दे ना ताई. बाबांना बरं वाटतं, त्यात माझं काय जातंय?’’ बाबांचं काही जात नव्हतं, पण तुझं जात होतं ना, गाढवा. तुझं सगळंच जात होतं.

कारण जे तो खरोखर करत होता ते या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. ते तो माझ्याकडे मुलुंडला येऊन सांगायचा, मी पोळ्या लाटत असले की ओट्याला टेकून. एका पुरात तीन दिवस गाव पाण्यात होतं, लोक घराघरांच्या गच्चीवर. एका गच्चीवर एक पोटुशी बाई होती. गच्ची हेलिकॉप्टरचं वजन पेलणारी नव्हती. तर या पठ्ठ्याने काय करावं? एक चाक कठड्याला नुसतं टेकवलं, बाकी सगळं हवेत तसंच धरून ठेवलं, आणि ती बाई वर चढेपर्यंत तिथेच थांबला. थांबला, कळलं का? मी लाटणं खाली ठेवलं. तो म्हणाला, हात इतके आखडले होते की नंतर चहाचा कप उचलता येईना. आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर जे काही होतं, ते आरतीच्या वेळी नव्हतं. पुढे त्याची बदली वर डोंगरांत झाली. तिथे चौक्यांवर रॉकेल, पीठ, औषधं पोचवायची आणि येताना आजारी जवान खाली आणायचे. हवा इतकी विरळ की पंख्याला धरायला काही मिळत नाही, म्हणायचा, दोन माणसं जास्त झाली तर उठतच नाही. म्हणून मग एकेकाला आणायचं, पुन्हा जायचं, पुन्हा एकाला आणायचं. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, वाटते की. खाली उतरल्यावर वाटते.

तेराव्याला त्याचे वरिष्ठ अधिकारी आले. उंच, सरदारजी, दाराशी बूट काढून आत आले आणि आईच्या पाया पडले. खोली भरलेली होती, परबकाका पुढेच बसलेले. परबकाकांनी मोडक्या हिंदीत विचारलं की साहेब, मिग कसं पडलं, काही बिघाड होता का? अधिकाऱ्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा काही गोंधळ झाला असेल. अगदी हळुवारपणे म्हणाले, ‘‘मिग नहीं, अंकल. अविनाश तो हमारा हेलिकॉप्टर पायलट था. सबसे अच्छा.’’ आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी अवीने एका आजारी जवानाला खाली आणून सोडलं होतं. दुसरा वर राहिला होता. ढग खाली येत होते, पण मधे फट होती, तेवढ्यात जाऊन येतो म्हणून तो पुन्हा गेला. फट मिटली. दोषही कुणाचा नाही, इलाजही कुणाकडे नव्हता. मग त्या गच्चीवरच्या बाईची गोष्ट. आणि अशा आणखी दोन, ज्या मलाही ठाऊक नव्हत्या. मी ते आईला मराठीत सांगत होते. आई कोकणातली, रागावली की मालवणीवर येते. ती उठून उभी राहिली आणि बाबांना सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘माझ्या झिलान माणसां वाचवल्यान, आणि माका कोणी सांगूक नाय?’’ तिलाही बाबा नुसतं एवढंच सांगायचे, की असतो तो हेलिकॉप्टरवर, पण तू बोलू नकोस.

तुम्हाला वाटेल, संपलं, खरं बाहेर आलं. मलाही वाटलं होतं. अधिकारी जिना उतरून गेले, आणि परबकाका सगळ्यांकडे वळून समजूतदारपणे म्हणाले की अहो, हे सगळं गुप्त असतं, मिगचं ते असं उघड थोडंच सांगणार? आणि खोलीतली माणसं माना हलवायला लागली! मी थक्क झाले. ज्या माणसाने माझ्या भावाबरोबर उड्डाणं केली, तो घरात येऊन सांगतो, तरी यांचं आपलं मिग ते मिगच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. कपाळावर हात मारून घ्यावा असं झालं मला.

आता मंडळाने ठरवलं आहे की आमच्या गल्लीच्या तोंडाच्या चौकाला अवीचं नाव द्यायचं. पाटी होणार, तिच्यावर सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून त्याचं चित्र, आणि लोखंडी खांबावर पत्र्याचं मिग, नाक आभाळाकडे. पेंटरने कच्चं चित्र आणून दाखवलं. त्यात अवीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, मागे धूर सोडणारी दोन विमानं. चेहरा तर अवीचा नव्हताच. परबकाका मला म्हणाले, तू मास्तरीण आहेस, खाली दोन ओळी चांगल्या लिहून दे, शत्रूच्या काळजात धडकी वगैरे. मी म्हटलं, काका, कुठल्या शत्रूच्या? पुरातल्या बाईच्या? ते रागावले नाहीत, उलट माझ्या पाठीवर हात ठेवला. दुःखात माणूस बोलतो असं, म्हणाले. परबकाका वाईट माणूस नाहीत. अवी गेला तेव्हा ते ढसाढसा रडले. पण ते कुणासाठी रडले? त्यांच्या थर्मोकोलच्या वाघासाठी. माझ्या भावासाठी या इमारतीत अजून कुणी रडलेलंच नाही, कारण तो कोण होता हेच कुणाला कळू दिलेलं नाही. एकदा मेला तो ढगांत. त्या खांबावर मिग चढलं की दुसऱ्यांदा मरेल, आणि तिथून त्याला कुठलंही हेलिकॉप्टर परत आणणार नाही. म्हणून इथे छापून सांगते आहे. लावायचंच असेल तर त्या खांबावर चेतक लावा. नाही तर खांब मोकळा राहू द्या, वर कावळे तरी बसतील.

हे सगळं लिहून झालं आणि गेल्या रविवारी मी ते बाबांना वाचून दाखवायला घाटकोपरला गेले. त्यांच्या पाठीमागे छापायचं नव्हतं, तोंडावर सांगूनच छापायचं होतं. बाबा अवीच्या खोलीत होते. त्याचं कपाट उघडं. मंडळ चौकात काचेची पेटीही ठेवणार म्हणून ते विमानं पुसून काढत होते. लढाऊ विमानं सगळी पलंगावर ओळीने मांडलेली. आणि त्यांच्या हातात, कपाटाच्या मागच्या कप्प्यातून निघालेलं, चेतक. अवीने पगार सुरू झाल्यावर मामाला कळवून मुद्दाम मागवून घेतलेला खोका, माझ्याच घरी बसून जोडलेला. बाबांनी ते खिडकीशी उजेडात धरलं होतं. म्हणाले, ‘‘हे उन्हाने वितळलंय वाटतं. पाती बघ कशी खाली आलीत.’’

मी म्हटलं, वितळलेलं नाही. खोक्यात पाती सरळ असतात, पण खरं हेलिकॉप्टर उभं असतं तेव्हा त्याची पाती आपल्याच वजनाने अशी खाली लवतात. फिरायला लागली की सरळ होतात. म्हणून अवीने भाताच्या पातेल्याच्या वाफेवर धरून एकेक पातं मुद्दाम वाकवलं. चार वेळा बोट भाजून घेतलं, पण तसंच हवं म्हणून बसला.

बाबांनी एका पात्यावरून अलगद बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘‘मला कधी हे बोलला नाही तो...’’

इतके दिवस माझ्या मनात जे साठलं होतं ते तेव्हा बाहेर पडलं. मी म्हटलं, ‘‘बोलला होता, बाबा. हेलिकॉप्टर मिळालं त्या सुट्टीत, याच खोलीत, पहिल्या रात्री. ते कसं उठतं, कसं थांबतं, सगळं सांगायला लागला होता. तुम्ही त्याला म्हणालात, हळू बोल, परबांकडे ऐकू जाईल. मग तो पुन्हा बोललाच नाही.’’

बाबांनी ते चेतक अलगद पलंगावर ठेवलं, लढाऊ विमानांच्या पुढे. उठले, आमच्या घराचं बाहेरचं दार सताड उघडलं, आणि येऊन माझ्यासमोर बसले. पलीकडे परबकाकांचंही दार उघडंच होतं, त्यांचा टीव्ही ऐकू येत होता. ‘‘वाच,’’ बाबा म्हणाले. माझा राग गेलेला नाही, आणि इतक्यात जाणारही नाही. पण मी कागद घेतले आणि पहिल्या वाक्यापासून वाचायला सुरुवात केली. वरून विमान आलं तेव्हासुद्धा थांबले नाही, आवाज चढवला.